चौथी थाप

हे कृपाघना, हे अनाथांच्या नाथा, आधी तुला वंदन. राजे येतात आणि राजे जातात, त्यांची फर्माने वाळवीच्या पोटात जातात. तुझ्या दरबाराला मात्र आरंभ नाही आणि समाप्तीही नाही. तुझ्यापुढे ठेवलेला अर्ज वेळ सरली म्हणून कुणी फाडून टाकत नाही, अशी आमची श्रद्धा. त्या श्रद्धेला घट्ट धरूनच पुढचे सांगण्याचे धाडस करतो, कारण हे चरित्र सांगताना जीभ जड होते. तुझ्या जगात दया इतकी दुर्मीळ का, हे तुला विचारण्याचा अधिकार माझ्यासारख्याला नाही. ज्याचे हे चरित्र आहे त्याला तो होता, आणि त्याने तो एकदाही बजावला नाही. म्हणून तुझ्या नावामागोमाग त्याचे नाव घेतो. जोसाया पेन्फोल्ड.

लंडनमध्ये, टेम्सच्या काठी, जिथे राज्याचे कायदे घडतात त्या वास्तूत, सामान्यांच्या सभागृहाच्या दाराशी जोसाया बावीस वर्षे उभा होता. काळा लांब कोट, पांढरा गळपट्टा, छातीवर साखळीत अडकवलेला बिल्ला. सहाशे सभासदांना तो पाठीमागून, नुसत्या खोकल्यावरून ओळखी. सभागृहाचे दार ओकच्या लाकडाचे, त्याला पितळी कडी आणि डोळ्याच्या उंचीवर एक जाळीची खिडकी. दर सोमवारी तो स्वतःच्या हाताने त्या कडीला तेल देई. पूजेची उपकरणी घासावीत तशा निगुतीने देई. दाराने कधी कुरकुर केली नाही आणि जोसायाच्या तोंडून कधी खोटा शब्द गेला नाही. त्या इमारतीत या दोन्ही गोष्टी गृहीत धरल्या जात.

दाराचा मोठा दिवस म्हणजे अधिवेशन संस्थगित होण्याचा. उन्हाळा सरत आला, सरदारांना शिकारीचे वेध लागले, की राणीसाहेबांच्या आज्ञेने कामकाज पुढच्या तारखेपर्यंत लांबवले जाई. त्या दिवशी उमरावांच्या सभागृहाकडून राणीचा निरोप्या निघे. हातात आबनुसी काळा दंड, म्हणून त्याला सगळे काळा दंडच म्हणत. तो दिसताच सामान्यांचे दार त्याच्या तोंडावर बंद करायचे, ही शतकांची रीत. राणीच्या माणसालाही इथे विचारूनच आत यावे लागते, एवढे त्याला आणि राणीला कळावे म्हणून. मग तो दंडाने तीन थापा मारी. द्वारपालाने जाळीतून पाहायचे, कडी काढायची. दार उघडताच आत जे चालले असेल ते तिथल्या तिथे संपे. बोलणाऱ्याच्या ओठावरचा अर्धा शब्दसुद्धा पुरा करण्याची मुभा नसे. सारे सभासद त्याच्यामागून उमरावांकडे जात, तिथे राणीची संमती मिळालेल्या विधेयकांची नावे वाचली जात आणि अधिवेशन संपे. ज्या विधेयकाचे नाव त्यात नाही ते मेले. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायचे.

एवढे जोसायाला पाठ होते. पण उमरावांकडचा तो सोहळा त्याने कधी पाहिला नव्हता. त्याची जागा दाराशी. सगळे निघून गेल्यावर रिकामे सभागृह राखायलाही कुणीतरी लागतेच. ही एक गोष्ट ध्यानात ठेवा, सज्जनहो. पुढे तिनेच त्याचा गळा कापला.

त्याचे घर नदीपलीकडे, लँबेथमध्ये. वीस वर्षांपूर्वी त्याची बायको हॅना पहिल्या बाळंतपणातच गेली. मूल जगले. रोडा तिचे नाव. त्या तान्ह्या जिवासाठी हॅनाची धाकटी बहीण केझाया केंटमधल्या आपल्या गावाहून एक पत्र्याची पेटी घेऊन आली. एकोणीस वर्षांची पोर. महिनाभर राहून जाईन म्हणाली. महिन्याचे वर्ष झाले, वर्षाची वीस झाली. पेटी पलंगाखाली तशीच राहिली. तिने रोडाला चमच्याने दूध पाजले, चालायला शिकवले, प्रार्थना शिकवली. जोसायाचा गळपट्टा रोज सकाळी खळ घालून तिनेच इस्त्री केला. कुठल्या दिवशी एकमेकांवाचून जगणे नको झाले, हे त्या दोघांनाही सांगता आले नसते. वाफाळत्या चहाच्या दोन पेल्यांमध्ये बसून कधीतरी ते घडले आणि दोघांनीही मान खाली घातली.

कारण लग्न करणे शक्य नव्हते. त्या देशाचा कायदाच तसा होता. नवरा-बायको एकदेह, म्हणून बायकोची बहीण ती नवऱ्याचीही बहीण, आणि बायको मेली तरी हे बहीणपण मरत नाही. कुणाशी लग्न करू नये त्या नात्यांचा तक्ता चर्चच्या भिंतीवर टांगलेला असे. केझायाने लहानपणी कंटाळवाण्या प्रवचनांच्या वेळी तो वाचून पाठ केला होता. त्यातली सतरावी ओळ, 'बायकोची बहीण', एक दिवस आपल्याच छातीवर येऊन बसेल, हे त्या पोरीला कुठले ठाऊक.

मग ते कसे राहिले? देवाला साक्ष ठेवून सांगतो, बहीणभावासारखे राहिले. ती रोडाबरोबर माडीवरच्या खोलीत, तो खाली स्वयंपाकघरात, चुलीशेजारच्या अरुंद बाजेवर. ती त्याला भावोजी म्हणे, तो तिला नावाने हाक मारी. तरी गल्लीचे तोंड कोण धरणार? शेजारच्या मिसेस गजन कपडे वाळत घालता घालता भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणत, "खाटा दोन आहेत म्हणे. असतील बाई. मोजायला कोण गेलंय?" केझाया ऐके, आणि चिमटा लावून पुढचा कपडा दोरीवर टाके.

हा कायदा बदलावा म्हणून एक विधेयक दरवर्षी सभागृहात येई आणि दरवर्षी मरे. कधी मतांनी मरे, कधी वेळ संपून. सभासदांना त्याची गंमत वाटे. जोसायाचा वरिष्ठ, मुख्य द्वारपाल ट्रँटर, कागद आत जाताना दर साली त्याला कोपराने ढोसून म्हणे, "आली बघ पेन्फोल्ड, यंदाही मेहुणी आली. हिला काही नवरा मिळत नाही." जोसाया हसल्यासारखे करी. आपल्या घरचे त्याने कुणाला कळू दिले नव्हते. दाराशी उभे राहून त्याने तेच विधेयक पंधरा वेळा मरताना ऐकले. त्याच्या संसाराची तिरडी त्याच्याच दारातून दरवर्षी बाहेर जाई आणि दार धरायला तोच असे.

ज्या वर्षाची ही कथा, त्या वर्षीच्या वसंतात केझायाच्या रुमालावर रक्त दिसले. इस्पितळाच्या डॉक्टरने जोसायाला बाजूला घेऊन सांगितले की पाने गळेपर्यंत आहे, पुढचे सांगवत नाही. आणि त्याच वर्षी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, विधेयक तरले. सामान्यांनी मंजूर केले. उमरावांनी हो-ना करत, त्यातले दोन शब्द बदलून, मंजूर केले. आता सामान्यांनी त्या बदललेल्या दोन शब्दांना होकार द्यायचा, एवढेच उरले. ते काम लागले अधिवेशनाच्या अगदी शेवटच्या दिवशी. त्या दिवशी झाले तर झाले. नाहीतर पुढचे अधिवेशन फेब्रुवारीत, आणि केझायाला फेब्रुवारी दिसणार नव्हता.

त्यांच्या प्रार्थनामंदिराच्या पाद्रीबुवांनी दुसऱ्याच दिवशी लग्न लावण्याचे कबूल केले होते. रोडा एका शिंपिणीकडे कामाला होती. तिने मावशीसाठी करड्या कापडाचा पोशाख शिवला, कमरेत दोनदा आत घेतला, कारण मावशी आठवड्या-आठवड्याला बारीक होत होती. त्या सकाळी केझायाने जोसायाचा गळपट्टा बांधला, तोंड फिरवून खोकली आणि म्हणाली,

"तीनपर्यंत कळेल ना, भावोजी?"

"कळेल."

"मग बटाटे चारला टाकते."

ऑगस्टचा दिवस. नदीला वास येत होता. सभागृह निम्म्याहून जास्त रिकामे, उरलेले जांभया देत होते. सर एव्हरार्ड मॉसक्रॉप बोलायला उभे राहिले. मोठे जमीनदार, आवाज घंटेसारखा, आणि या विधेयकाचे जुने वैरी. त्या दोन शब्दांवर ते पाऊण तास बोलले. इंग्लंडच्या कुमारिकांना बहिणीच्या घरी निर्धास्त राहता यायला हवे, असे म्हणाले. बायबलातल्या मोझेसचा दाखला दिला, मेंढ्यांच्या पैदाशीचाही दिला. वेळ खायचा होता. काळा दंड येईपर्यंत बोलत राहिले की काम फत्ते. विधेयक मांडणारे वृद्ध सभासद हातावर डोके टेकून बसले होते. जोसाया दाराच्या आतल्या अंगाला उभा होता आणि घड्याळाकडे पाहत नव्हता. घड्याळ त्याला पाठीतून ऐकू येत होते.

दोनला पाच कमी असताना बाहेरच्या दालनातून पोलिसाची आरोळी आली, "वाट द्या, काळा दंड!" जोसायाने रीतीप्रमाणे दार लोटले, कडी घातली. लोकर घासावी तशी पावले जवळ येऊ लागली. आणि त्याच क्षणी, देवा, त्याच क्षणी सर एव्हरार्डनी कागद गोळा केले, घड्याळ खिशात टाकले आणि वाक्य अर्धवट सोडून ते खाली बसले.

सभागृह चपापले. सभापती उठले. प्रश्न मतास टाकण्याचे लांबलचक शब्द त्यांनी उच्चारायला घेतले.

दारावर थाप पडली. एक. दोन. तीन.

जोसायाचा हात कडीवर गेला आणि तिथेच राहिला. जाळीतून त्याला तो म्हातारा निरोप्या दिसत होता, नौदलातला निवृत्त सेनानी, कपाळावर घाम, दंड अजून वर धरलेला. कडी काढायला लागतो तेवढाच वेळ लागला असता तर एक संसार मेला असता. त्याच्या मागे सभापतींचे शब्द अजून चालले होते, एकामागे एक, संथ, जणू जगात घाई नावाची वस्तूच नाही. जोसायाने जाळीला तोंड लावले आणि आयुष्यातले पहिले असत्य उच्चारले.

"कडी अडकली आहे, साहेब."

जी कडी त्याने बावीस वर्षे तेलात न्हाऊ घातली ती त्याच्या बोटांखाली लोण्यासारखी मऊ होती. तो ती दाबून धरून उभा राहिला. वीस श्वास. पंचवीस श्वास. "अनुकूल असतील त्यांनी," सभापती म्हणाले, आणि बाकांवरून "होय" उठले. "प्रतिकूल असतील त्यांनी," आणि सर एव्हरार्डच्या बाजूला कुणीतरी नुसते नाक शिंकरले. "होय यांचे बहुमत."

तेव्हा दारावर चौथी थाप पडली.

ती थाप त्या वास्तूत कुणी कधी ऐकली नव्हती. तीनच्या पुढे त्या दाराला मोजताच येत नव्हते. सहाशे नव्हेत, पण दीड-दोनशे माना एकदम दाराकडे वळल्या. जोसायाने कडी काढली. काळा दंड आत आला, लवला, पुन्हा लवला, निरोप सांगून मागे वळला. बाहेर पडता पडता एक तरुण सभासद दुसऱ्याला म्हणाला, "आज दारानंसुद्धा मत दिलं की." दोघे हसले.

जोसायाला त्या हसण्याचा राग आला नाही. त्याला कशाचाच राग येत नव्हता. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याने आपली जागा सोडली आणि सभासदांच्या मागोमाग चालू लागला. लांब दालनातून, पुतळ्यांच्या रांगांमधून, रंगीत काचांतून पडणाऱ्या उन्हाच्या तुकड्यांवरून. त्याचे पाय जमिनीला लागत होते, हे त्याला नंतर आठवेना. करडा पोशाख खुर्चीवर टाकलेला त्याला दिसत होता. उद्या सकाळी दहा वाजता. रोडा रडेल, केझाया रडणार नाही. या मजकुराचे एक लांब स्तोत्र त्याच्या आत चालले होते आणि ओठ नकळत हलत होते.

उमरावांकडे पाच सरदार लाल झग्यांत एका बाकावर बसले होते, राणीच्या वतीने. सामान्य आले, सरदारांनी टोप्या उचलल्या, सामान्य लवले. एका अधिकाऱ्याने विधेयकाचे नाव वाचायचे, दुसऱ्याने सरदारांना लवून, वळून, कुणाच्याही आईची भाषा नसलेल्या जुन्या फ्रेंचमध्ये म्हणायचे की राणीसाहेबांची तशी इच्छा आहे. जोसाया गर्दीच्या मागे टाचा उंचावून उभा राहिला.

गुरांच्या गोठ्यांचे विधेयक. राणीसाहेबांची तशी इच्छा आहे. हेरिंग माशांच्या जाळ्यांचे विधेयक. राणीसाहेबांची तशी इच्छा आहे. एका बंदराचा धक्का वाढवण्याचे. घोड्यांच्या ट्रामगाड्यांचे. एका गावाला गॅसचे दिवे देण्याचे. माशांवर राणीची इच्छा होती, घोड्यांवर होती, दगडी धक्क्यावर होती. प्रत्येक नावाला जोसाया मनात म्हणे, आता पुढचे. अकरा नावे झाली. अधिकाऱ्याने कागदाची घडी घातली. तो पान उलटतो आहे असे जोसायाला वाटले.

सरदारांनी टोप्या उचलल्या. त्यांच्यातला मधला एक दुसराच कागद वाचू लागला. राणीसाहेबांच्या नावे आणि त्यांच्या आज्ञेने हे अधिवेशन फेब्रुवारी महिन्याच्या चौदाव्या तारखेपर्यंत संस्थगित करण्यात येत आहे, आणि त्याप्रमाणे ते संस्थगित झाले आहे. सामान्य लवले. झाले. माणसे वळली, गप्पा सुरू झाल्या, कुणी स्कॉटलंडच्या गाडीची वेळ विचारू लागले.

जोसायाने ट्रँटरला गाठले. मेहुणीचे विधेयक वाचायचे राहिले, कुणाला तरी सांगायला हवे, असे त्याने त्याला सांगितले. ट्रँटर त्याच्याकडे पाहत राहिला. मग त्याला हसू फुटले.

"अरे खुळ्या, ती यादी सकाळी दहालाच मोहरबंद झाली. तिच्यात नाव नसलं तर आज साक्षात देवानं पास केलं असतं तरी काय उपयोग होता? सगळ्यांना ठाऊक असतं हे. बावीस वर्षं दारात काढलीस, कधी विचारलं नाहीस?" आणि मग हसू आवरून, "पण कडी का अडकली, ते मला लिहून द्यावं लागेल हो."

सगळ्यांना ठाऊक होते. होकार देणाऱ्यांना ठाऊक होते. त्यांना दप्तरात नोंद हवी होती, एवढेच. ते वृद्ध सभासद आपली नोंद घेऊन समाधानाने घरी गेले होते. त्या अख्ख्या वास्तूत एकट्या द्वारपालाला ठाऊक नव्हते, कारण तो आपल्या कामाची जागा कधी सोडत नसे.

सर एव्हरार्ड टोपी घालत दारापाशी थांबले. "पेन्फोल्ड, कडीला तेल देत जा," ते म्हणाले. पुढे गेले आणि परत वळले. त्यांचा चेहरा प्रसन्न होता. "मी हरून खाली बसलो, असं वाटलं का तुला? अरे, भूक लागली होती मला." मग त्याच्या तोंडाकडे बारकाईने पाहून, हळू, अगदी मायेने विचारावे तसे, "घरी मेहुणी आहे वाटतं?"

"होय, सर," जोसाया म्हणाला.

"अरेरे," सर एव्हरार्ड म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

तो पुलावरून घरी आला. रोडा लवकर सुटी घेऊन आली होती. पोशाख खरोखरच खुर्चीवर होता. त्याने टोपी काढायच्या आधीच सांगून टाकले, जसे घडले तसे, कडीसकट. रोडा ओक्साबोक्शी रडू लागली. केझाया ओट्याला धरून उभी होती. तिने विधेयकाबद्दल एक शब्द विचारला नाही.

"तुम्ही खोटं बोललात?"

"बोललो."

"त्या गजनबाईचं वीस वर्षं ऐकून घेतलं, ते कशाच्या जोरावर, भावोजी? आपण खोटं वागलो नाही, एवढ्याच ना? दुसरं काय होतं आपल्याकडे? तेही आज देऊन आलात." तिला खोकला आला, तो संपेपर्यंत ती थांबली. "आणि फुकट देऊन आलात."

मग तिने पातेले चुलीवर ठेवले, कारण चार वाजले होते.

माणसाला माणूस किती खोल कापू शकतो, हे प्रेमाइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. त्या शब्दांनी जोसाया जितका मोडला तितका मोहरबंद यादीने मोडला नव्हता. दुसऱ्या दिवशी, ज्या दहा वाजता लग्न व्हायचे त्या दहा वाजता, तो ट्रँटरच्या खोलीत गेला. ट्रँटरने लाकूड फुगल्याचा मजकूर आधीच तयार ठेवला होता, नुसती सही हवी होती. जोसायाने कागद मागे सारला आणि सांगितले की कडी अडकली नव्हती, मी धरून ठेवली होती. ट्रँटर म्हणाला, मूर्खपणा करू नकोस, सही कर. जोसायाने ऐकले नाही. का धरली, हे विचारल्यावर मात्र तो गप्प राहिला. घरातल्या बाईचे नाव त्याला त्या खोलीत घ्यायचे नव्हते. त्याचा बिल्ला काढून घेण्यात आला. नोकरीवरून काढले नाही, ही दया म्हणून सांगण्यात आली. तळघराजवळ सभासदांचे कोट आणि छत्र्या ठेवण्याची खोली होती, तिथे त्याला पाठवले.

घरी येऊन त्याने हे सांगितले तेव्हा केझाया खिडकीशी बसली होती. "बरं केलंत," ती म्हणाली. आणि मग, "चौथी थाप पडल्यापासून तो कागद मिटेपर्यंत किती वेळ गेला?"

"अर्धा तास असेल."

"म्हणजे अर्धा तास तुम्हाला वाटलं, झालं आपलं."

"हो."

"मला कुणी तेवढंही वाटू दिलं नाही." ती खिडकीबाहेर पाहत होती. "सांगा ना, कसं होतं ते."

तेव्हा जोसायाने तिला तो अर्धा तास सांगितला. लांब दालन, पुतळे, जमिनीवर सांडलेले रंगीत ऊन, हवेत चालल्यासारखे पाय. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारले. तिसऱ्या दिवशीही. सप्टेंबर असाच गेला. तो कोटांच्या खोलीतून येई, तिच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसे आणि सांगू लागे. आणि ती डोळे मिटून त्या दालनातून त्याच्या बरोबर चाले. जिथे ती मोहरबंद यादी वाचली गेली त्या दारापर्यंत ती दोघे जात आणि तिथून परत फिरत. पुढचे त्याने कधी सांगितले नाही, तिने कधी विचारले नाही.

ऑक्टोबरच्या नवव्या तारखेला, दालन अर्धे चालून झालेले असताना, तिचा हात त्याच्या हातात सैल पडला.

नोंदणी कार्यालयातल्या कारकुनाने मृत्यूच्या नोंदीसाठी विचारले, नाव. वय. विवाहित की अविवाहित. अविवाहित. आपले नाते. मेहुणी. कारकुनाने लेखणी टेकवली, वर पाहिले, पत्ता पुन्हा विचारला, एकाच घराचा आहे याची खात्री केली, भुवया किंचित उंचावल्या आणि लिहिले. जोसायाने वीस वर्षे लँबेथच्या गल्लीत सोसले ते त्या माणसाने दोन भुवयांत करून दाखवले. दफनाचा प्रश्न आला. हॅनाच्या कबरीत जागा होती, पण ती कुटुंबाची कबर. बाहेरच्यांना तिथे मनाई. पाद्र्याने जुनी वही चाळली. मग त्याचा चेहरा उजळला. काहीच अडचण नाही, तो म्हणाला, मयत ही आधीच्या मयतेची सख्खी बहीण आहे ना? ज्या नात्याने त्यांनी तिला लग्न नाकारले त्याच नात्याने खड्डा मंजूर केला. करडा पोशाख रोडाने तिला घातला. तो कमरेत पुन्हा सैल झाला होता. आत घ्यायला वेळ नव्हता, म्हणून टाचण्या लावल्या.

फेब्रुवारीत अधिवेशन भरले. विधेयक आले आणि मेले. सर एव्हरार्ड कोट घ्यायला खाली येत तेव्हा जोसाया तो त्यांच्या खांद्यांवर नीट बसवून देई आणि कॉलरवरचे सूत झटकी. कोटाच्या बाबतीत त्याच्याइतका दक्ष माणूस आपण पाहिला नाही, असे ते एकदा म्हणाल्याचे ऐकिवात आहे. असेल. जोसायाच्या हातून कुठलेच काम वाईट होत नसे.

हे दीनदयाळा, आता जे मागतो ते दे. जोसाया पेन्फोल्ड या तुझ्या सेवकाच्या गुडघ्यांना जिना चढण्याचे बळ दे, त्याच्या चुलीत कोळसा राहू दे, एकटे जेवताना त्याचा घास घशात अडकू नये. त्याने केलेल्या एका अपराधाचे माप त्याने भोगलेल्या वर्षांपुढे ठेवून पाहा, आणि मग तूच ठरव. केझायाला, जिने बहिणीच्या पोरीला आपले केले आणि मोबदल्यात नावही मागितले नाही असे नव्हे, मागितले पण तिला मिळाले नाही, तिला तुझ्याजवळ बसव आणि तिचा खोकला थांबव. हॅनाच्या मनात बहिणीविषयी माया राहो. रोडाच्या हातातली सुई कधी गंजू नये, तिला मनासारखा माणूस मिळो, तिच्या दारी पाळणा हलो, आणि त्या घरात जो जो जन्माला येईल त्याला आपल्या माणसाला आपले म्हणण्यासाठी कुणाच्या संमतीची वाट पाहावी न लागो. लँबेथमधल्या त्या लहान घरावर तुझी कृपा अखंड असो.